देवाच्या नावावर साडेतीन एकर

नांदेडला इंजिनिअरिंग करत असताना हॉस्टेलवर आम्ही रात्ररात्र 'एज ऑफ एम्पायर्स' खेळायचो. सुरुवातीला मेंढ्या मारायच्या, बोरं वेचायची, गावकरी वाढवायचे. 500 फूड जमलं की एक बटण दाबायचं, 'फ्यूडल एज'. एका गावकऱ्याची किंमत 50 फूड. पुढे मठ बांधता येतो आणि मठात पवित्र अवशेष आणून ठेवले की बसल्याबसल्या सोनं जमा होत राहतं. शेतकऱ्याला मात्र एकदा शेतावर सोडलं की त्याच्याकडं परत कुणी बघत नाही. त्याला नावही नसतं.

शाळेच्या पुस्तकातला पिरॅमिड पाठ करून मला जे कळलं नव्हतं, ते या गेमनं शिकवलं. वर राजा, खाली सरदार, त्याखाली घोडेस्वार, तळाला भूदास. ही उतरंड मार्कांपुरती ठीक आहे. खरी गोष्ट एवढीच, की धान्य एका ठिकाणी पिकतं आणि सोनं दुसऱ्या ठिकाणी साठतं. मधला रस्ता कोण आखतं, हा प्रश्न आहे.

मध्ययुगीन युरोपात तो रस्ता दोघांनी आखला, सरदारानं आणि चर्चनं. राजा सरदाराला जमीन देई, सरदार राजाला सैन्य देण्याची शपथ घेई. त्या जमिनीवरचा भूदास मालकाच्या शेतावर आठवड्यातले ठरलेले दिवस फुकट राबे आणि परवानगीशिवाय गाव सोडू शकत नसे. शिवाय पिकाचा दहावा हिस्सा चर्चला. इंग्लंडच्या राजानं 1086 मध्ये जमिनीची मोजदाद करून घेतली, तेव्हा तिथली जवळपास पाव जमीन चर्च आणि मठांच्या ताब्यात होती. त्या काळची उत्तुंग कॅथीड्रल्स, रंगीत काचा, दारावरच्या दगडी मूर्ती हे सगळं या जमिनीतून उगवलं. डरहॅमच्या कॅथीड्रलची पायाभरणी 1093 ची, पॅरिसच्या नोत्र दामची 1163 ची.

आता हीच वर्षं डोक्यात ठेवा आणि नांदेडहून देगलूरच्या रस्त्याला लागा.

*

देगलूर तालुक्यात होट्टल नावाचं गाव आहे. तेलंगणाची हद्द जवळच. गावात कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली देवळं आहेत, त्यातलं सिद्धेश्वराचं सगळ्यात देखणं. काळा दगड, बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदऱ्या. एखादीच्या गळ्यातल्या हाराचा मणी न् मणी मोजता येतो. ऊन तिरकं झालं की भिंत हलल्यासारखी वाटते. इंग्लंडमध्ये डरहॅमचं काम चालू होतं, त्याच सुमाराला आमच्याकडं छिन्नी-हातोडे वाजत होते. चालुक्यांची राजधानी कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. तिथं सहावा विक्रमादित्य 1076 ते 1126 अशी 50 वर्षं राज्य करत होता.

लातूर पॅटर्नमध्ये बारावी केली तेव्हा लातूरबद्दल मला फक्त ट्यूशन माहीत होत्या. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर', म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी, म्हणवून घेत आणि ते लट्टलूर म्हणजे आपलं लातूर असं अभ्यासक मानतात, हे मला पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं. वेरूळचं कैलास लेणं कोरून घेणाऱ्या घराण्यानं ज्या गावाचं नाव बिरुदासारखं मिरवलं, त्या गावात मी दोन वर्षं फक्त फिजिक्सचे न्यूमरिकल्स सोडवले.

दोन वर्षांपूर्वी बाबांना घेऊन होट्टलला गेलो. बाबांनी आयुष्यभर शेती केली. ते मूर्तींकडं बघतील, हात जोडतील असं मला वाटलं. हात जोडले त्यांनी. पण नंतर ते खाली वाकून जोत्याचे दगड बघत बसले. एका दगडाला वीतभर हात लावून म्हणाले, "एवढं वझं आनलं कोन आसंल रे? आन् त्यायला खाऊ कोन घातलं आसंल?"

मी म्हटलं, "राजानं."

"राजा कुटं नांगर धरतो?"

त्या रात्री मी हिशोब मांडला. आकडे माझे, निव्वळ अंदाजाचे. समजा 100 माणसं 10 वर्षं राबली. पाथरवट, गाडीवान, लोहार, ओझी वाहणाऱ्या बाया. माणशी दिवसाला अर्धा किलो ज्वारी धरली तरी 10 वर्षांत 1,825 क्विंटल होते. कोरडवाहू शेतकऱ्यानं बियाणं ठेवून, घरच्यांना खाऊ घालून एकरी एक क्विंटल बाजूला काढली असं धरा. म्हणजे दरवर्षी 180 एकरांहून जास्त रानाची शिल्लक एका देवळाकडं जायला हवी. यात ना बैलांचा कडबा, ना लोखंड, ना तेल. देऊळ उभं राहिल्यावरचा रोजचा खर्च तर धरलेलाच नाही.

कलेचा इतिहास वाचताना शैली, शिखर, स्तंभ यांची नावं मिळतात. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र दानपत्रांत शोधावं लागतं.

*

दानपत्र म्हणजे दगडावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला जमिनीचा कागद. आमच्या भागातले त्या काळचे लेख बहुतेक कन्नड आणि संस्कृतमध्ये आहेत, कारण तेव्हा आजची हद्द नव्हती. त्यांचा साचा ठरलेला असतो. आधी राजाची लांबलचक स्तुती, मग मांडलिकाची, मग दान देणाऱ्याची. नंतर जमीन किती, तिच्या चारी सीमा कुठल्या, कोणते कर माफ. मग ते उत्पन्न कशावर खर्च करायचं: अंगभोग म्हणजे देवाचं स्नान, गंध, नैवेद्य, रंगभोग म्हणजे गाणं-नाचणं, नंदादीपाचं तेल, पडझडीची दुरुस्ती, तपस्व्यांचं जेवण. व्यापारी आणि तेलीही आपापल्या धंद्यातून हिस्सा लावून देत. घाण्यामागं एवढं तेल, ओझ्यामागं एवढी पानं.

म्हणजे देऊळ ही फक्त पूजेची जागा नव्हती. ते मोठं आस्थापन होतं. पुजारी, माळी, वादक, नर्तकी, हिशोबनीस सगळे त्याच्यावर जगत. जमीन, कर, नोकऱ्या आणि कला एका छताखाली. युरोपात हेच काम मठ करत होता.

शेवटी येतो तो शाप. दान दिलेली जमीन 'आचंद्रार्क', म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत, देवाची. जो ती हिसकावेल तो 60 हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल, असं या लेखांमध्ये पुन्हा पुन्हा येतं. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, याचं चित्ररूपही सापडतं, ते म्हणजे गधेगाळ. दगडावर वर चंद्र-सूर्य आणि खाली गाढव आणि स्त्री. अर्थ असा की दान मोडणाऱ्याच्या आईची ही गत होईल. जमीन पुरुष बळकावणार आणि शिक्षा बाईच्या देहावर. हा हिशोबही तेव्हाचाच.

मला वाटायचं असलं शापाचं प्रकरण फक्त आपल्याकडचं. पण फ्रान्समधल्या क्लुनी मठाला 910 मध्ये जमीन देणारी सनद वाचली तर तिथंही तेच. जो ही मालमत्ता हिरावेल त्याला जमिनीनं जिवंत गिळलेल्या बायबलमधल्या पाप्यांची गत येवो, येशूला धरून देणाऱ्या जूडासच्या पंगतीत तो बसो. दोन हजार कोसांवरची, एकमेकांचं नावही न ऐकलेली माणसं एकाच भीतीनं एकच तोडगा काढत होती. राजा उद्या बदलेल, फौज परवा येईल, तेव्हा जमिनीला देवाचं कुलूप लावा.

या सगळ्या कागदांत सीमेवरचं चिंचेचं झाड सापडतं, ओढा सापडतो, वारूळ सापडतं. ती जमीन कसणाऱ्याचं नाव क्वचितच सापडतं.

*

भारतातल्या या व्यवस्थेला सरंजामशाही म्हणावं का, यावर इतिहासकार अनेक दशकं भांडले. या वादात मला सगळ्यात जवळचे वाटतात ते दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मलेले, पेशानं गणिती, राहायला पुण्यात आणि नोकरी मुंबईत. डेक्कन क्वीननं रोजची ये-जा. आयटीतल्या माणसाला हे वेळापत्रक लगेच समजतं. त्यांनी 1956 च्या आपल्या इतिहासग्रंथात दोन टप्पे मांडले. 'वरून' आलेली सरंजामशाही म्हणजे राजा मांडलिकांकडून खंडणी घेतो; 'खालून' आलेली म्हणजे गावातच राजा आणि शेतकरी यांच्यामध्ये जमीनदारांचा वर्ग उगवतो. रामशरण शर्मांनी 1965 मध्ये ब्राह्मणांना आणि देवळांना दिलेल्या जमिनींवर बोट ठेवलं: दान देताना राजा कराबरोबर न्यायाचे, वसुलीचे अधिकारही देत गेला, म्हणून मधले धनी तयार झाले. हरबंस मुखियांनी 1979 मध्ये उलटा प्रश्न टाकला. युरोपातला भूदास मालकाच्या शेतावर सक्तीनं राबत होता. आपला शेतकरी आपल्याच औतानं, आपल्याच घरच्या बळावर शेती करत होता. मग दोन्हीला एकच नाव कसं?

मुखियांचं म्हणणं मला पटतं. आपल्याकडं शेतकऱ्याला जमिनीशी बांधायला शपथ लागली नाही. त्यासाठी जात होती, बलुतं होतं. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, मांग, महार यांची कामं जन्मानं ठरलेली आणि मोबदला खळ्यावरच्या धान्यात. कोण कुणाच्या दारात उभं राहील, हेही ठरलेलं. पळून जाऊन जायचं कुठं? पुढच्या गावातही तोच तक्ता.

आणि या व्यवस्थेला आतून विरोध झाला नाही असंही नाही. फ्रान्समध्ये 1125 च्या सुमाराला बर्नार्ड नावाच्या साधूनं चर्चच्या भिंतींवरच्या सोन्यावर टीका केली, गरीब उपाशी असताना दगडाला दागिने कशाला म्हणून. पुढच्या काही दशकांत आमच्या शेजारी कल्याणीत बसवण्णांनी त्याहून मूलभूत गोष्ट केली. दगडी देवळाची मक्तेदारीच नाकारली, माणसाच्या देहाला देऊळ म्हटलं आणि कायक, म्हणजे घाम गाळून केलेलं काम, हीच पूजा ठरवली. त्यांच्याभोवती चांभार, नावाडी, धोबी, दोरखंड वळणारे जमले. होट्टलच्या सुरसुंदऱ्या ज्या राज्यात घडल्या, त्याच राज्याच्या राजधानीत हा प्रश्न विचारला गेला. बाबांचा "राजा कुटं नांगर धरतो" हा त्याच घराण्यातला प्रश्न, असं मी मानतो.

*

आता साडेतीन एकरांबद्दल.

देगलूर भागातल्या आमच्या गावात आमचं कुटुंब तीन पिढ्या एक वावर कसतंय. सातबाऱ्यावर मालक म्हणून गावातल्या देवाचं नाव आहे. वहिवाट पुजाऱ्यांच्या घराकडं. आबा बटईनं करत, आता बाबा करतात. खर्च आमचा, पीक निम्मं-निम्मं. ही जमीन देवाला नेमकी कुणी दिली हे गावात कुणाला माहीत नाही. पण या प्रदेशावरून बहमनी गेले, बरीदशाही गेली, मोगल आले, निजाम आला आणि प्रत्येकानं आधीच्या दानांना शिक्का मारला, नवी दिली. देवळांना, मठांना, मशिदींना, दर्ग्यांनाही. निजामाच्या महसुली भाषेतले 'खिदमतमाश' आणि 'मदतमाश' हे शब्द आजही आमच्याकडच्या तलाठ्याच्या तोंडी आहेत. पुण्यातल्या मित्रांना ही उर्दू कवितांच्या पुस्तकांची नावं वाटतात.

17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या. 1950 च्या कूळ कायद्यानं संरक्षित कुळांना जमिनीवर हक्क मिळाला. 1954 मध्ये इनामं रद्द करणारा कायदा आला, पण धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामं त्यातून वगळली गेली. कारण समजण्यासारखं आहे: जमीन विकली तर दिवा कशावर जळणार? कायद्याच्या नजरेत देव ही व्यक्ती आहे, आणि तीही कायमची अज्ञान, जिच्या वतीनं दुसऱ्यानं कारभार बघायचा. सप्टेंबर 2021 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा स्पष्ट केलं की देवळाच्या जमिनीचा मालक देवच, पुजारी फक्त व्यवस्थापक. पुजाऱ्याला जमीन गिळता येऊ नये म्हणून हे चांगलंच आहे. पण या सगळ्या वाक्यांत कसणारा कुठंय?

माझ्या फीसाठी बाबा एका बँकेत गेले होते. साहेबांनी सातबारा बघितला आणि म्हणाले, "मालकाची सही आणा." बाबांना आधी कळलं नाही. मग साहेबच हसले. बाबाही हसले, तिथं हसावंच लागतं. फी मामांनी भरली.

पुजाऱ्यांचं घर काही वाड्यातलं नाही. निम्म्या पिकात त्यांचंही भागत नव्हतं. त्यांची पोरं हैदराबादला कंपनीत लागली. आबांना तर यात अन्याय वाटायचाच नाही. खळं झालं की पहिली पायली देवाला, मग वाटणी. श्रावणात दिव्याला तेल आमच्याच घरून. आबा म्हणायचे, "देवाचं वावर हाय, आपन सालदार." त्यांच्या श्रद्धेपुढं माझं पुस्तकी ज्ञान मला कधी मोठं वाटलं नाही. पण आबांची श्रद्धा खरी होती म्हणून वाटणी बरोबर होती, असंही होत नाही.

आता प्रश्न उभा राहिलाय तो रस्त्यामुळं. नांदेड-देगलूर-हैदराबाद महामार्ग मोठा झाला आणि कडेच्या जमिनींना भाव आला. आमच्या वावराजवळ प्लॉटिंगवाले फिरतात. देवाची जमीन सहजी विकता येत नाही हे त्यांनाही माहीत आहे, पण वाटा शोधणारे वाटा शोधतात. उद्या काही झालंच, तर कागदावर तीन नावं असतील: देव, वहिवाटदार आणि सरकार. बासष्ट वर्षांच्या बाबांचं नाव कुठंच नाही.

गेल्या खरिपात मी त्यांच्या मोबाईलवर ई-पीक पाहणीचं ॲप टाकून दिलं. 2021 पासून राज्यात शेतकऱ्यानं स्वतःच पीक नोंदवायची सोय झाली आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडलं. मग ॲपनं विचारलं, खातेदार निवडा. यादीत देवाचं नाव होतं. मी देव निवडला. पीक सोयाबीन. फोटो काढताना बाबांची सावली पिकावर पडत होती. ते बाजूला व्हायला लागले. मी म्हटलं, "राहू द्या." हजार वर्षांपूर्वीचा लेख दगडावर होता, हा सर्व्हरवर आहे, अक्षांश-रेखांशासकट सीमा आहेत, धनी आहे, पीक आहे. रकाना नाही तो फक्त नांगर धरणाऱ्याचा. डेटाबेसमध्ये ज्याला रकाना नसतो त्याच्यावर क्वेरी चालत नाही, हे मला रोजच्या कामातून माहीत आहे.

म्हणून आम्ही कूळ म्हणून नोंद व्हावी असा अर्ज केला. कार्यालयातल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "बटईच्या पावत्या आहेत का?" पावत्या कशा असतील? साठ-सत्तर वर्षं निम्मं धान्य पोत्यांतून गेलं आणि कुणी कधी चिठ्ठी दिली नाही, कुणी कधी मागितली नाही.

*

काही मित्रांना वाटतं की एवढं कळल्यावर मी होट्टलला जाणं सोडून द्यायला हवं. काहींना वाटतं, सुंदर देवळापुढं उभं राहून ज्वारीचा हिशोब करणं म्हणजे करंटेपणा. मला दोन्ही पटत नाही. त्या मूर्ती घडवणाऱ्याचा हात खरा होता. दक्षिणेला बेलूरच्या देवळात दासोजासारख्या शिल्पकारांनी मूर्तीखाली आपलं नाव कोरलं, म्हणजे नाव राहावं ही इच्छा त्या हातांनाही होती. देखणेपण नाकारलं तर आपण त्या पाथरवटालाच नाकारतो. आणि हिशोब नाकारला तर त्याला भाकर पुरवणाऱ्याला. देऊळ दोघांचंही आहे. राजाचं नाव तेवढं आपल्याला पाठ आहे.

सध्या दर रविवारी बाबांना फोन लावतो आणि एक एक्सेल शीट भरतो. रकाने साधे आहेत: वर्ष, पीक, पेरणी कुणी केली, किती झालं, वाट्याला किती गेलं, साक्षीदार कोण. बाबांना सन आठवत नाही, पण घटना आठवतात. 1972 च्या दुष्काळाच्या ओळीत पीक शून्य आहे. त्या साली आबा आणि आजी सरकारी कामावर खडी फोडायला होते. 1993 च्या ओळीत लिहिलंय, 'किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ज्वारी पेरायची होती.' साक्षीदारांच्या रकान्यातली बरीच माणसं आता नाहीत. जी आहेत त्यांच्या घरी जाऊन सही-अंगठा घ्यायचं काम दिवाळीपासून सुरू केलंय. आजवर 11 सह्या झाल्या. याचा कायद्यात किती उपयोग होईल ते वकील सांगतील, आणि ते फार आशा दाखवत नाहीत.

परवा बाबांना दानपत्रांतल्या शापाबद्दल सांगितलं. 60 हजार वर्षं, किडा, गाढव, सगळं. विचारलं, आपल्या कागदाच्या शेवटी असलं काही टाकायचं का?

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शाप-बीप नको रे कुनाला. निस्तं लिव्ह, पावती द्या म्हनून."